बायांचं तास

माझ्याकडे शेती नाही. फुलसावंगीच्या अलीकडे आमच्या गावात माझी पिठाची चक्की आहे, आणि स्वतःचं एक ढेकूळही नसल्यामुळे मला गावातल्या प्रत्येकाच्या शेतीविषयी ठाम मत आहे. लोक काय पेरतात ते धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहिलं की कुणालाही दिसतं. ते काय खातात, हे मात्र डब्याचं झाकण काढल्यावर मला दिसतं. नलूच्या डब्यात पूर्वी ज्वारी असायची. वरच्या फडक्यात भरडायला तूर असायची, पोळ्याच्या सुमाराला नवे मूग असायचे. आता रेशनचा गहू असतो. हे कसं झालं ते सांगायचं आहे, आणि सांगताना माझी जीभ घसरली तर घसरू दे.

नलू ही भीमराजची बायको. बौद्धपुऱ्यात दोन खोल्यांचं घर, जमीन नाही. उंच, हडकुळी, आणि आवाज असा की नाल्यापलीकडच्या बाईला बोलवायला तिला फोन लागत नसे. निंदणाऱ्या बायांची टोळी ती चालवायची. गरीब गाय वगैरे अजिबात नव्हती. स्वतःची स्तुती स्वतःच करायची. "मी निंदलेल्या वावरात गवत दुसऱ्यांदा उगवाले भेते," असं मला तिनं चक्कीवर कितीदा ऐकवलं असेल. एखादी बाई ओळीत मागे पडली की भर वावरात तिचा उद्धार करायची. तरी बाया तिच्याच टोळीत यायला धडपडत, कारण नलूच्या टोळीला तास मिळायचं.

तास म्हणजे पिकाची ओळ. आमच्या गावात जुनी रीत होती: कपाशीच्या दहा तासांमागे एक तास बायांचं. त्यात त्या आपल्या घरचं बी टाकायच्या. तूर, मूग, अंबाडी, आणि बरबटी, जिला तुमच्याकडे चवळी म्हणत असतील. त्या तासात जे येईल ते बायांचं. त्याच्या बदल्यात तिसरं निंदण होईपर्यंत त्या दुसऱ्या कुणाच्या वावरात जायच्या नाहीत, मग तो कितीही जास्त मजुरी देवो. ज्याच्याकडे हात नाहीत त्याला हात मिळत, आणि ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांच्या चुलीवर वर्षभर वरण शिजे. बायांच्या तासात कुणी जनावर घातलं तर पोलीसपाटील निस्तरायचा नाही, नलूच निस्तरायची.

तिची बरबटी गावात ओळखली जायची. तांबूस, बुटका दाणा. नेरकडच्या माहेरून तिच्या आईनं लुगड्याच्या पदरात बांधून दिलेलं बी, दरवर्षी राखेत घोळून ठेवलेलं. शिजायला वेळ घेई, पण नुसतं मीठ-तिखट टाकून खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटे. नलू ते बी कुणाला विकत नसे. टोळीतल्या बाईला मूठभर द्यायची, तेही चार शब्द सुनावून.

भीमराज तिच्या अगदी उलट माणूस. बोलायला कमी, वागायला गोड. तो फवारणीवर जायचा. पाठीवर पंप, तोंडाला बायकोचा जुना दुपट्टा, डोळे कायम लाल. म्हणजे नवरा पिकावर औषध मारणारा आणि बायको औषधाला शिव्या घालणारी. ती माव्याची कीड पडली की निंबोळ्या ठेचून रात्रभर फडक्यात भिजवायची आणि कडुनिंबाच्या डहाळीनं ते पाणी पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, शिंपडायची. भीमराज हसायचा. "पऱ्हाटीले चहा पाजून राह्यली," म्हणायचा. ती म्हणायची, "तुमी दारू पाजता, त्यापरीस बरं." हे भांडण नव्हतं, संसार होता. दोघांचं एकमेकांशी बरं चाललं होतं.

खरं भांडण त्यांच्यात एकदाच झालं. भीमराज नाल्यावर पंप धुवत होता आणि खालच्या अंगाला गावातल्या रामधन शेतकऱ्याचा गोऱ्हा पाणी पीत होता. गोऱ्हा संध्याकाळी तोंडाला फेस येऊन आडवा झाला. नलूनं नवऱ्याला नाल्याच्या काठावर, सगळ्या गावासमोर, काय काय ऐकवलं ते मी लिहीत नाही. शेवटी म्हणाली, "ह्या नाल्यात पुन्हा पंप धुतला त मले घरात पाहू नका." भीमराजनं ऐकलं. तो बायकोचं ऐकणारा माणूस होता. नाल्यात पंप धुणं बंद झालं. हातपंपावर न्यायचा तर बाया अंगावर येत. मग तो पंप धुईनासाच झाला. उरलेलं औषध हलवून धुऱ्यावर ओतायचा, झाकण लावायचा, दुसऱ्या दिवशी त्यातच नवं भरायचा. नलूला वाटलं, नवरा सुधारला. ह्या सुधारणेची आठवण ठेवा.

मग ते बी आलं. सरकारनं परवानगी न दिलेलं, म्हणून त्याला चोरबीटी म्हणतात. पाकिटावर नाव नसतं, भाव मात्र असतो. हे पेरलं की उभ्या पिकावरून तणनाशक मारायचं. गवत जळतं, कपाशी जळत नाही. पुसदकडून कुणीतरी रात्री-बेरात्री आणून द्यायचा आणि सकाळी सगळ्यांनाच माहीत असायचं. आमच्या गावात ते पहिल्यांदा सदाशिवरावांनी पेरायचं ठरवलं. गावातला सर्वांत मोठा शेतकरी, नाल्याकाठची काळीभोर जमीन. वाईट माणूस म्हणता येणार नाही, आणि ह्याचाच मला जास्त राग येतो. त्यांना फक्त करमणूक लागायची, आणि ती दुसऱ्याच्या जिवावर असली की जास्त गोड लागायची.

तणनाशक आलं म्हणजे निंदण गेलं. शिवाय कपाशीखेरीज जे हिरवं असेल ते मरणार, म्हणजे बायांचं तासही गेलं. नलू टोळी घेऊन त्यांच्या ओसरीवर गेली.

"पाटील, आमचं तास काहून बंद करता?"

"मी कुठं बंद करून राह्यलो? तू पेर. औषध लागून मेलं त मले सांगू नको."

ओसरीवरचे चारजण हसले. नलू हसली नाही. ती म्हणाली, "तुमची रीत चांगली का आमची, हे पाहून त घ्या एकडाव."

सदाशिवरावांना हेच हवं होतं. त्यांनी तिथंच जाहीर केलं. नाल्याकाठचं दोन एकराचं वावर अर्धं अर्धं करायचं. एक अर्ध नलूचं: साधी कपाशी, कोळपायला बैलांचा डवरा, हातानं निंदण, बायांची तासं, औषधाचा थेंब नाही. दुसरं अर्ध त्यांचं: नवं बी आणि तणनाशक. दसऱ्याला गावातले सगळे शेतकरी धुऱ्यावर उभे करायचे. नलूचं अर्ध सरस दिसलं तर तास चालू राहील, आणि सदाशिवरावांनी ठेवलं की गावातला कुणी बंद करायची हिंमत करणार नाही. नाही दिसलं तर गावभर तास बंद, पुन्हा विषय काढायचा नाही.

"बोल, हाये मंजूर?"

टोळीतल्या मोतीबाईनं नलूचं लुगडं मागून ओढलं. पण नलूला स्वतःच्या हातांचा गर्व होता, तो ओसरीवर झाकून ठेवता येण्यासारखा नव्हता. "मंजूर," ती म्हणाली. पंधरा घरांचं वरण तिनं एका शब्दात डावावर लावलं.

त्या पावसाळ्यात मी चक्की बंद ठेवून ते वावर पाहायला जायचो, असं माझी बायको सांगते. खोटं नाही. डाव्या हाताला भीमराज तणनाशक मारायचा, मजुरी सदाशिवरावांची. उजव्या हाताला त्याची बायको चिखलात बसून गवत उपटायची. आषाढाच्या झडीत सदाशिवराव धुऱ्यावर खाट टाकून, छत्री लावून बसत आणि तिला ऐकवत. "नलू, तुया नवऱ्यानं एका सकाळी केलं ते तुले पंधरा बाया घेऊन दोन दिस पुरते. घरी बी असंच हाये का?" बाया खाली मान घालत. नलू मान वर करून म्हणायची, "तुमच्या अर्ध्यात भाजीले एक पान त दाखवा."

आणि खरंच नव्हतं. डावीकडे गवत आधी पिवळं पडलं, मग तांबडं, मग जमिनीला चिकटलं. कपाशी सरळ, उंच, आणि तिच्या पायाशी झाडून काढल्यासारखी माती. घोळीची भाजी नाही, तरोटा नाही, एक किडाही नाही. उजवीकडे कपाशी वीतभर बुटकी, पण मुगाच्या शेंगा पोळ्याआधी तोडून झाल्या, अंबाडी कमरेला लागली, आणि बरबटी कपाशीच्या अंगावर चढून लोंबायला लागली. बायांच्या घरी रोज शेंगा शिजत होत्या. सदाशिवरावांच्या घरीही शिजल्या. त्यांची बायको विमलताई मागच्या दारानं नलूकडून ओटीभर शेंगा घेऊन गेली. सदाशिवराव जेवताना म्हणाले, "आज भाजी चांगली झाली. बाजारातली का?" विमलताई "हो" म्हणाली. हे तिनंच नंतर माझ्या बायकोला सांगितलं, आणि त्या दिवसापासून मलाही वाटायला लागलं की नलू जिंकते. गावात तसं बोललंही जाऊ लागलं. रामधननं तर आपल्या वावरात पुढच्या वर्षी दोन तासं जास्त द्यायचं कबूल केलं.

भाद्रपदात मावा पडला. आधी बरबटीच्या कोंबांवर, मग कपाशीवर. नलूनं निंबोळ्या ठेचल्या, भिजवल्या, गाळल्या, दोन बादल्या पाणी तयार केलं, आणि त्याच रात्री तिला ताप भरला. सकाळी उठवेना. दात वाजत होते, पण बडबड एकच: मावा चढेल, आज शिंपडलं पाहिजे.

भीमराजनं ते ऐकलं. आयुष्यभर ज्या पाण्याला तो चहा म्हणाला, ते त्यानं उचललं. डहाळीनं शिंपडत बसलं तर दिवस जाईल आणि त्याला दुसरीकडे कामावर जायचं होतं. म्हणून त्यानं ते आपल्या पंपात भरलं. मी चक्कीचं शटर वर करत होतो. हातात बादल्या, पाठीवर पंप. मी म्हणालो, "काय भीमराज, तुमीबी चहावर आले का?" तो लाजला. "बाई तापानं पडली, काका. तिचं तेवढं करून देतो." मला तो त्या दिवशी फार आवडला.

त्यानं सगळं अर्ध, एकही झाड न सोडता, प्रेमानं फवारलं. आदल्या दिवशी त्यानं त्याच पंपानं तणनाशक मारलं होतं, आणि तळाशी उरलेलं कडक औषध त्या घाईत धुऱ्यावरही ओतलं नव्हतं.

तणनाशकाचा एक दुष्ट गुण आहे, ते लगेच मारत नाही. तीन-चार दिवस पान हिरवंगार असतं. नलू तापातून उठली, काठी टेकत वावरात गेली, तेव्हा बरबटीचे शेंडे पांढरे पडले होते आणि साधी कपाशी माना टाकत होती. ती तिथं ओरडली नाही, रडली नाही. घरी आली, कोपऱ्यातल्या पंपाचं झाकण काढलं आणि आत नाक घातलं. झाकण परत लावलं. भीमराज दारात उभा होता. तिनं कशाचा वास घेतला ते त्याला कळलं.

तिला वाटलं होतं, तो गावासमोर बोलेल. हे तिनं मला नंतर सांगितलं. तिच्या बाजूनं पाहिलं तर त्यात अवघड काही नव्हतं. रीत हरलेली नाही, पंप चुकला, एवढंच एक वाक्य. तेवढ्यावर तास वाचलं असतं. रामधनसारखे दोघंतिघं तिच्या बाजूनं उभे राहिले असते, आणखी एक वर्ष मागता आलं असतं.

दसऱ्याला सगळा गाव धुऱ्यावर जमला. डावीकडे कपाशीला बोंडं लगडलेली. उजवीकडे विटकरी रंगाची वाळकी काटकं आणि त्यांच्यावर लटकलेल्या काळ्या वेली. सदाशिवराव धोतराचा सोगा सावरत वाकले, एक वाळलेलं पान चुरगळलं, फुंकरीनं उडवलं.

"काय मारलं होतं गा ह्याच्यावर?"

नलूनं नवऱ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. तिथं उभा असलेला प्रत्येक शेतकरी भीमराजला फवारणीला बोलवायचा. ज्याचा पंप धुतलेला नसतो त्याला पुन्हा कोण बोलावणार? भीमराजनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली.

"निंबोळी," तो म्हणाला.

"अजून?"

"अजून काई नाई. तिचं निंबोळीचंच पानी."

त्यानं पंपात ओतलं ते निंबोळीचंच, म्हणजे एकही शब्द खोटा नव्हता म्हणायचा. मला आजही वाटतं, त्याच्या तोंडात माती कोंबायला हवी होती.

सदाशिवराव आधी गालात हसले, मग मोठ्यानं. "ऐका रे! आमच्या औषधानं नुसतं गवत मेलं, नलूच्या चहानं समदं वावर मेलं!" धुऱ्यावर हशा पिकला. रामधनही हसला. ज्यांच्या घरी महिन्यापूर्वी तिच्या शेंगा शिजल्या होत्या ते पोट धरून हसले. मोतीबाई हसली नाही. ती नलूच्या पायाशी थुंकली आणि म्हणाली, "तुया गर्वापायी माया लेकराईच्या तोंडचं वरन गेलं." मग टोळीतल्या बाया एकामागून एक तिच्यापासून लांब सरकल्या. सदाशिवरावांना एवढ्यावरही समाधान नव्हतं. हरभऱ्यासाठी वावर रिकामं करायचं होतं. "तूच उपट आता," ते म्हणाले, "उपटाचा तुले लय शौक हाये." तिनं तीन दिवस एकटीनं ते मेलेलं अर्ध उपटलं. पहिल्या दिवशी भीमराज मदतीला आला तेव्हा तिनं त्याच्याकडे पाठ केली. तो घरी गेला.

गावभर तास बंद झालं. पुढच्या मृगात सगळ्यांनी चोरबीटी पेरली. निंबोळीनं पीक जळतं, हे आता आमच्या गावात लहान पोरालाही माहीत आहे. पंपाचं नाव न काढता, निंबोळीनं जळत नाही एवढं मी दोनतीनदा सांगून पाहिलं. लोक म्हणतात, काका, तुमाले शेतीतलं काय समजते?

नलूच्या टोळीतल्या बाया आता वीटभट्टीवर जातात, काही पुसदला धुणीभांडी करतात. नलूला कुणी बोलवत नाही. ती नवऱ्याच्या मागे पाणी वाहते. डोक्यावर पाण्याचा कॅन, हातात बादली. आणि एक काम ती स्वतः करते. रोज कामाआधी पंप तीनदा धुते, धुऱ्याच्या कोपऱ्यात खड्डा करून त्यात ते पाणी ओतते, वर माती लोटते. त्यामुळे भीमराजचं नाव झालं आहे. शेतकरी म्हणतात, फवारणीला त्यालाच बोलवा, त्याचा पंप स्वच्छ असतो.

मी एकदा न राहवून विचारलं, "त्या दिवशी तूच काहून नाई बोलली?"

ती गव्हाच्या डब्यावर हात ठेवून उभी होती. "बोलली असती त त्याले कोनं बलावलं असतं, काका? माहं तास त मेलंच होतं. त्याचा पंप बी घालवू काय?"

"मग मनात राग नाई?"

"हाये ना. कायले नसन? रोज रांधून वाढतो त्याले, रागानंच वाढतो."

यंदाच्या श्रावणातली गोष्ट. दोघं नवरा-बायको सदाशिवरावांच्या त्याच नाल्याकाठच्या वावरात तणनाशक मारत होते. तिनंच मला सांगितली. जिथं तिचं अर्ध होतं तिथं कपाशीच्या ओळीत एक बरबटीची वेल उगवून आली होती. कुठला तरी दाणा मातीत राहिला असेल. घरातलं राखेतलं बी तिनं हरली त्याच साली शिजवून संपवलं होतं, बायांनीही आपापलं संपवलं होतं, म्हणजे तिच्या आईच्या बरबटीतलं ते शेवटचंच. वेलीला दोन फुलं होती. भीमराज फवारत फवारत तिथवर आला आणि थांबला. त्यानं नळी वर उचलली. तेवढी जागा कोरडी सोडून पलीकडे पाऊल टाकलं, आणि बायकोकडे पाहिलं. काहीतरी परत दिल्यासारखं.

"मग?" मी म्हणालो. मला आशा वाटली होती, खोटं कशाला बोलू. "बी धरलं का त्याचं?"

"कॅन खाली ठेवला," नलू म्हणाली, "त्याच्या हातातली नळी घेतली, आन् मारलं. मीच. पानापानावर."

चक्की चालू होती, म्हणून मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी पट्टा थांबवला. "अगं, काहून?"

"वेलीसाठी हात थांबला त्याचा, काका," ती म्हणाली. "मायासाठी तोंड नाई उघडलं."

तिनं पिठाचा डबा डोक्यावर घेतला. पीठ गरम होतं, तिनं डोक्यावरचं फडकं दुमडून जाड केलं. बाहेर भीमराज पंप घेऊन वाट पाहत उभा होता. ती त्याच्या पुढे चालू लागली आणि तो मागून निघाला.